हवा तो आवाज मिळाला, नको तो घुमाराही आला: एका स्पोर्ट्स कारच्या एक्झॉस्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी दोन दारांची कूपे. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. दोन लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, सहा गेअरचा मॅन्युअल गेअरबॉक्स. कमाल ताकद ७,००० आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला ७,००० फेऱ्यांना. गाडीला सात वर्षं झाली होती आणि एक्झॉस्ट, म्हणजे जळका वायू मागे नेणारे पाईप आणि सायलेन्सर, अजून कंपनीचाच होता. गंज वरवरचा, कुठे छिद्र नाही.

मालक गाडी नीट सांभाळणारे. आठवड्यात कामासाठी रोज हायवेवरून लांबचा प्रवास, सुटीच्या दिवशी वळणांचे रस्ते आणि अधूनमधून ट्रॅक. म्हणजे गाडीचं नव्वद टक्के आयुष्य सहाव्या गेअरमध्ये १०० ते ११० च्या वेगाने जाणार आणि उरलेल्या दहा टक्क्यांसाठी आपण एक्झॉस्ट निवडणार. या प्रकरणातली सगळी गुंतागुंत या एका गोष्टीतून आली आहे, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

ते वर्कशॉपमध्ये आले तेव्हा त्यांची मागणी अशी होती: ताकद वाढावी, वजन कमी व्हावं, आवाज सुधारावा. बोलत बसलो तेव्हा क्रम उलटा निघाला. "अहो, सात हजारला इंजिन काय गातं ते मला माहीत आहे, पण ऐकू येतं फक्त हवा आत ओढणाऱ्या इनटेकचं. मागून नुसती फुसफुस," हे त्यांचं खरं गाऱ्हाणं. ताकदीची अपेक्षा मित्रांकडून ऐकून आलेली होती.

काम हातात घेण्याआधी हा क्रम स्पष्ट करून घेणं फार महत्त्वाचं आहे. ज्याला आवाज हवा आहे त्याला आपण ताकदीच्या नावाखाली पाईप विकला, तर तो नाराज होतो. ज्याला ताकद हवी आहे त्याला आवाज विकला, तर तो आणखी नाराज होतो.

आधी मोजमाप

जुना एक्झॉस्ट काढण्यापूर्वी आम्ही तीन गोष्टी नोंदवल्या.

पहिली, बाहेरचा आवाज, गाडी उभी असताना. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांपैकी ५१ क्रमांकाच्या नियमात यासाठी ठरलेली पद्धत आहे: मायक्रोफोन पाईपच्या तोंडापासून अर्धा मीटर दूर, ४५ अंशाच्या कोनात, आणि इंजिन ठराविक आरपीएमवर स्थिर. कमाल ताकद ५,००० ते ७,५०० आरपीएमच्या दरम्यान देणाऱ्या इंजिनासाठी तो आकडा ३,७५० आहे. आमच्या मीटरवर ८६ डेसिबल आले.

दुसरी, केबिनमधला आवाज, सहाव्या गेअरला १०० च्या वेगात, चालकाच्या कानाजवळ. हा आकडा आम्ही दोन प्रकारे घेतला: मीटर 'ए' वर ठेवून ६९ आणि 'सी' वर ठेवून ८५. हा दुसरा आकडा बहुतेक जण घेत नाहीत. ए भारांकन माणसाच्या कानाची नक्कल करतं आणि खालच्या पट्टीतले आवाज जोरात कापतं. १०० हर्ट्झला जवळजवळ १९ डेसिबल कापले जातात, ८० हर्ट्झला २२ पेक्षा जास्त. सी भारांकनात याच पट्ट्यात जेमतेम अर्धा डेसिबल कापला जातो. एक्झॉस्टचा त्रासदायक घुमारा नेमका याच पट्ट्यात असतो. फक्त ए वर मोजलं तर कागदावर सगळं आलबेल दिसतं आणि गाडीत बसलेल्या माणसाचं डोकं भणभणत असतं.

तिसरी, डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, एकापाठोपाठ तीन फेऱ्या. चाकांवर सरासरी ११८ किलोवॅट, आणि तीन फेऱ्यांमधलाच फरक दीड किलोवॅटचा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पर्याय

पहिला पर्याय फक्त मागचा सायलेन्सर बदलण्याचा. काम कमी, परत जुनं बसवणं सोपं, आणि मधला रेझोनेटर, म्हणजे आवाज मऊ करणारा छोटा डबा, जागेवर राहतो. आवाजात फरक पडतो, पण मालकांना हवा होता तितका नाही.

दुसरा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू निवळवणारा डबा, थोडक्यात कॅट) मागचं सगळं बदलायचं. दोन्ही ऑक्सिजन सेन्सर पुढे राहतात, त्यामुळे इंजिनच्या कॉम्प्युटरला काही कळतच नाही.

तिसरा, हेडरपासून, म्हणजे इंजिनाला लागूनच्या पाईपांपासून, शेवटपर्यंत सगळं, आणि कॅट काढून टाकायचा. याबद्दल मालकांनी विचारलं होतं, आणि आम्ही लगेच नाही म्हटलं. बहुतेक देशांत रस्त्यावरच्या गाडीचा कॅट काढणं बेकायदा आहे हे तर आहेच. शिवाय पेट्रोल गाडीतला हा थ्री-वे कॅट कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, तिन्ही एकाच वेळी हाताळतो. तो काढला की हे सगळं थेट मागच्या माणसाच्या नाकात. मागचा सेन्सर कॅटच्या कामावर लक्ष ठेवून असतो, त्यामुळे पी०४२० हा कोड येऊन इंजिनचा दिवा लागतो. मग तो दिवा विझवण्यासाठी सेन्सरला स्पेसर लावून फसवणं आलं. एकदा सेन्सरला फसवायचं ठरवलं की उद्या खरा बिघाड झाला तरी दिवा लागणार नाही. हे आम्ही करत नाही, आणि कुणी करूही नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा पर्याय ठरला. मग प्रश्न आला व्यासाचा. मालकांच्या डोक्यात तीन इंच, म्हणजे ७६ मिमी, पक्कं बसलं होतं. यावर ढोबळ गणित मांडून दाखवलं. दोन लिटरचं इंजिन ७,००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ११७ लिटर हवा घेतं. तोच वायू एक्झॉस्टमध्ये ५०० अंशाला साधारण अडीचपट फुगतो, म्हणजे सेकंदाला ३०० लिटरच्या आसपास. साडेत्रेसष्ट मिमीच्या पाईपात त्याचा वेग १०५ मीटर प्रतिसेकंद होतो, ७६ मिमीच्या पाईपात ७५ च्या खाली. हा वेग फक्त रेडलाइनजवळचा, म्हणजे इंजिनच्या कमाल आरपीएमजवळचा. रोजच्या २,७०० आरपीएमला, अर्ध्यापेक्षा कमी थ्रॉटलवर, दोन्ही पाईप तितकेच मोकळे असतात. मोठ्या पाईपात आवाज मात्र सगळीकडे मोठा आणि खोल येतो.

इथे एक गैरसमज नेहमी वर येतो, की इंजिनला थोडं बॅक प्रेशर हवंच असतं. नसतं. कुठल्याही इंजिनला बॅक प्रेशरमुळे ताकद मिळत नाही. खालच्या आरपीएमला फायदा होतो तो वायूच्या वेगाचा आणि पाईपातल्या दाबाच्या लाटांचा, ज्या पुढच्या सिलिंडरमधला जळका वायू ओढून काढायला मदत करतात. पाईप अरुंद ठेवला की वेग राखला जातो आणि सोबत थोडं बॅक प्रेशरही येतं, म्हणून लोक श्रेय चुकीच्या गोष्टीला देतात.

६३.५ मिमीवर एकमत झालं. ३०४ स्टेनलेसचा संच, मागे सरळ आरपार जाणारा सायलेन्सर.

निर्णयाची जागा: रेझोनेटर

हा संच दोन प्रकारांत मिळत होता. एकात मध्ये रेझोनेटर, दुसऱ्यात त्या जागी साधा सरळ पाईप. मालकांनी दुसरा प्रकार तशाच एका गाडीवर ऐकला होता आणि ते त्याच्या प्रेमात पडले होते. ऐकला कसा? गाडी उभी, बाहेर मोकळ्या जागेत, ॲक्सिलरेटर दाबून सोडलेला. हायवेवर, आत बसून, अर्धा तास नव्हे.

चार सिलिंडरच्या इंजिनात सरळ पाईप घुमू शकतो, हे आम्ही त्यांना सांगितलं आणि जॉब शीटवर लिहिलंही. त्यांनी विचार करून सरळ पाईपच घेतला. त्यांची बाजूही समजण्यासारखी होती: रेझोनेटर नंतर कधीही वेल्ड करून टाकता येतो, पण आधीच टाकला तर त्याशिवायचा आवाज कसा होता हे कधीच कळणार नाही.

बसवणं

काम थंड गाडीवर केलं. फ्लँजचे, म्हणजे पाईप जोडणाऱ्या चकत्यांचे, नट सात वर्षं तापून-निवून ज्या आट्यांच्या दांड्यांवर बसतात त्या स्टडशी एकजीव झाले होते. आदल्या संध्याकाळी पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं, सकाळी पुन्हा मारलं. तीन नट सुटले. चौथ्याला पाना लावला की तो किंचित फिरून पुन्हा स्प्रिंगसारखा मागे यायचा. असं झालं की नट सुटत नसतो, स्टड पिळवटत असतो. तिथे जोर लावणं थांबवलं, नट लाल होईपर्यंत तापवला, थोडा घट्ट करून मग सैल केला. सुटला. कॅटच्या फ्लँजमधला स्टड तुटला असता तर ड्रिल करून काढण्यात दिवस गेला असता.

रबरी हँगरांना साबणाचं पाणी लावून जुना एक्झॉस्ट उतरवला. वजन काट्यावर १९.५ किलो. नवा ११.२ किलो. आठ किलोंची बचत, तीही मागच्या ॲक्सलच्या पलीकडे. या सगळ्या खटाटोपात निर्विवाद फायदा कुठला, असं विचारलं तर मी या आठ किलोंकडे बोट दाखवीन.

नवा संच आधी सगळा सैल टांगला. सगळे जोड हाताने फिरतील इतपत ठेवून पाईप ड्राइव्हशाफ्ट, अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) आणि हीट शील्डपासून सगळीकडे समान अंतरावर आणला, मग पुढून मागे अशा क्रमाने आवळत गेलो. गॅस्केट नवी, स्टडना नट चिकटू न देणारा अँटी-सीझचा लेप. इंजिन चालू करण्याआधी स्पिरिटच्या फडक्याने पाईप पुसून काढला, कारण बोटांचे तेलकट ठसे स्टेनलेसवर राहिले तर ते भाजून कायमचे उमटतात.

गळती तपासायला व्हॅक्यूम क्लीनरची हवा सोडण्याची बाजू टेलपाईपला लावली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारलं. एका स्लिप जॉइंटला, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या पाईपांच्या जोडाला, बारीक फेस आला, क्लॅम्प फिरवून आवळल्यावर थांबला. कॅटच्या मागची गळती इंजिनच्या मिश्रणाला त्रास देत नाही, म्हणून अनेक जण ही पायरी सोडून देतात. पण त्या गळतीतून कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या पोटाखाली साठून केबिनमध्ये शिरू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. ही पायरी सोडू नये.

पहिला निकाल

उभ्या गाडीचा बाहेरचा आवाज ८६ वरून ९१ डेसिबलवर गेला. डायनोवर सरासरी १२० किलोवॅट. म्हणजे दोन किलोवॅट वाढ, आणि एकाच स्थितीतल्या फेऱ्यांमधला फरकच दीड. प्रामाणिकपणे एवढंच म्हणता येतं की ताकद बहुधा किंचित वाढली. मालक थोडे हिरमुसले, पण गाडी रेडलाइनपर्यंत नेऊन आल्यावर त्यांचा चेहरा खुलला होता. वर जाताना आवाज मोकळा, स्वच्छ, आणि गेअर बदलताना उगाच फटाके नाहीत. ज्या कारणासाठी ते आले होते ते काम झालं होतं.

अडचण उगवली ती नंतर

काही आठवड्यांनी ते दोन तक्रारी घेऊन परत आले.

पहिली तक्रार धातूच्या आवाजाची. गाडी चांगली तापल्यावर, तीस-चाळीस मिनिटांनी, मागून टक-टक. थंड गाडी लिफ्टवर घेतली तर सगळी अंतरं व्यवस्थित. पाईपावरून बोट फिरवत गेलो तेव्हा ॲक्सलच्या वर, अँटी-रोल बारसमोर, नखाएवढा चकचकीत ठिपका सापडला. बाकी पाईप सोनेरी झाला होता, हा ठिपका मात्र घासून चांदीसारखा.

कारण धातूत होतं. ३०४ स्टेनलेस तापल्यावर दर अंशाला मीटरमागे सुमारे १७ मायक्रोमीटर वाढतं. कंपनीच्या एक्झॉस्टमध्ये सहसा वापरलं जाणारं ४०९ सारखं फेरिटिक स्टेनलेस ११ च्या आसपास. कॅटच्या फ्लँजपासून टोकापर्यंत २.६ मीटर लांबी आणि सरासरी ३०० अंशांची वाढ धरली तर नवा पाईप १३ मिमी लांबतो, जुना साडेआठ लांबला असता. पुढचं टोक फ्लँजला पक्कं, म्हणून सगळी वाढ मागे सरकते. वळणावर ती बाजूला आणि वरही जाते. ॲक्सलवरची वळणाची जागा म्हणूनच बारला टेकत होती.

उपाय सोपा होता: गाडी फिरवून पूर्ण तापवली, गरम असतानाच जाड हातमोजे घालून मधला स्लिप जॉइंट सैल केला, वळणाचा पाईप थोडा खाली फिरवून आवळला. टक-टक गेली.

दुसरी तक्रार खरी अवघड होती. "सहाव्या गेअरला शंभरच्या पुढे गेलो की आत सतत घूं... असा आवाज. रेडिओ मोठा केला तरी जात नाही. घरी पोचेपर्यंत कानात दडे बसतात. शेजारी बसलेलं माणूस बोलायचंच बंद होतं," असं त्यांनी सांगितलं. मग एक गोष्ट सहज म्हणून जोडली: स्टिअरिंगकडे पुढे झुकलं की आवाज जवळजवळ नाहीसा होतो.

ही सहज सांगितलेली गोष्ट निदानाला सगळ्यात उपयोगी पडली.

निदान

सोबत फेरी मारली. घुमारा २,६०० ते २,८५० आरपीएममध्ये, शिखर २,७०० ला. त्याच वेगात पाचवा गेअर टाकला की आरपीएम वर सरकतो आणि घुमारा गायब. म्हणजे टायर किंवा वारा नव्हे, इंजिनच. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणून २,७०० आरपीएमला सेकंदाला ९०. फोनवरच्या स्पेक्ट्रमच्या ॲपमध्येही ९० हर्ट्झवर एकच उंच सुळका दिसत होता.

पण ९० च का? केबिनची आतली लांबी, काचेपासून मागच्या भिंतीपर्यंत, सुमारे १.९ मीटर. ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला ३४३ मीटर. ज्या लहरीची अर्धी लांबी १.९ मीटर, तिची वारंवारता ९० हर्ट्झ येते. एक्झॉस्टचा सूर आणि केबिनचा स्वतःचा सूर एकच निघाला होता. अशा स्थिर लहरीत दाब दोन्ही टोकांना जास्तीत जास्त असतो आणि मध्यभागी जवळजवळ शून्य. छोट्या कूपेत चालकाचं डोकं मागच्या भिंतीकडे असतं. पुढे झुकलं की ते मध्यभागाकडे येतं, आणि आवाज नाहीसा होतो.

मीटरने दुजोरा दिला. ए वर ६९ चे ७३ झाले होते, सी वर ८५ चे ९३. ए पाहून कुणी म्हणालं असतं, चार डेसिबल, चालायचंच.

पुन्हा पर्याय

जुना एक्झॉस्ट परत लावणं हा पर्याय खुला होता, कारण तो मालकांनी जपून ठेवला होता. पण त्यांना मिळालेला आवाज सोडायचा नव्हता.

डिकीत आणि मागच्या भिंतीवर ब्युटाइलच्या चादरी चिकटवायच्या, असं त्यांना कुणीतरी सुचवलं होतं. या चादरी पत्र्याची थरथर मारतात. केबिनच्या हवेतली ९० हर्ट्झची लहर मारायला त्या फारशा कामाच्या नाहीत, आणि वाचवलेले आठ किलो परत गाडीत चढतात. हा पर्याय सोडला.

मध्ये सरळ आरपार रेझोनेटर टाकणं. त्याच्या आतलं लोकरीसारखं भरण वरच्या पट्टीतला कर्कश खरखरीतपणा छान शोषतं, पण ९० हर्ट्झच्या लहरीची लांबी काही मीटर असते, तिथे बोटभर जाडीच्या भरणाचा जोर चालत नाही. फक्त रेझोनेटर टाकून घुमारा जाईल असं सांगणं खोटं ठरलं असतं.

व्हॉल्व्हवाला सायलेन्सर. हायवेवर बंद, ट्रॅकवर उघडा. कल्पना चांगली, पण केबल किंवा मोटर, तापमान, गंज, आणि एक नवी बिघडू शकणारी वस्तू. मालकांना नको होता.

शेवटचा पर्याय पावलहरी नळीचा, ज्याला वर्कशॉपात जे-पाईप म्हणतात. मुख्य पाईपाला एक बंद टोकाची फांदी जोडायची. लहर तिच्यात शिरते, बंद टोकावर आपटून परत येते. फांदीची लांबी लहरीच्या बरोबर पाव असेल तर परतणारी लहर उलट्या पावलाने येते आणि मूळ लहरीला मारते. बाकीच्या आवाजाला ती फारसा हात लावत नाही. हाच तिचा गुण, आणि हीच मर्यादा: ती मुख्यतः एका अरुंद पट्ट्यात काम करते.

मालकांशी बोलून रेझोनेटर आणि जे-पाईप दोन्ही करायचं ठरलं, पण एकाच वेळी नाही. दोन बदल एकदम केले की कुठल्या बदलाने काय झालं ते कळत नाही.

अंमल

आधी रेझोनेटर. बाहेरचा आवाज ९१ वरून ८९. आतला सी आकडा ९३ वरून फक्त ९२. अपेक्षेप्रमाणे खरखर गेली, घुमारा तसाच. बाहेरचे ते दोन डेसिबल मात्र कामाचे होते, कारण काही ठिकाणी रस्त्यावरच्या तपासणीत गाडीच्या कागदपत्रात नोंदलेल्या आकड्याशी तुलना करतात आणि वर थोडीच सूट देतात. ट्रॅकचीही आपापली मर्यादा असते.

मग जे-पाईपची लांबी. इथे नेहमी एक चूक होते: ध्वनीचा वेग ३४३ धरून गणित केलं जातं. तो वेग २० अंशाच्या हवेचा आहे. फांदीतला वायू मुख्य प्रवाहापेक्षा थंड असतो, तरी आम्ही १५० अंश धरले, आणि तिथे ध्वनीचा वेग ४१२ मीटर प्रतिसेकंद होतो. चार गुणिले ९० ने भागलं की लांबी १.१४ मीटर. ३४३ धरला असता तर ०.९५ मीटर आली असती, आणि ती नळी २,७०० ऐवजी ३,२०० आरपीएमच्या वर कुठेतरी काम करत बसली असती.

तापमानाचा अंदाज तरीही अंदाजच, म्हणून नळी १.२० मीटरची केली आणि शेवटी सरकणारं झाकण क्लॅम्पने लावलं. एक मीटरपेक्षा लांब नळीला गाडीखाली जागा शोधणं हे गणितापेक्षा अवघड होतं. शेवटी ती मागच्या सायलेन्सरच्या आधी निघून, यू आकारात वळून, बंपरच्या मागे आडवी बसली. पेट्रोलच्या टाकीपासून लांब, आणि मध्ये हीट शील्ड.

बंद टोक जोडापेक्षा थोडं वर ठेवलं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बंद नळीचं टोक खाली असेल तर ते पाणी तिथे साठतं, नळीची लांबी बदलते आणि पुढे वेल्ड आतून सडतो. उतार मुख्य पाईपाकडे असला की पाणी परत वाहून जातं.

फेरी मारायची, मोजायचं, झाकण थोडं आत सरकवायचं, पुन्हा फेरी. १.१२ मीटरवर सुळका सगळ्यात खाली बसला. गणितापेक्षा दोन सेंटिमीटर कमी, आणि ते बरोबरच होतं, कारण फांदी जिथे मुख्य पाईपाला मिळते तिथे ती ध्वनीच्या दृष्टीने थोडी लांब असल्यासारखी वागते. मग सरकतं झाकण काढून टोक टिग वेल्डने पक्कं बंद केलं. वेल्ड करताना पाईपात आतूनही आर्गॉन भरला. तसं केलं नाही तर स्टेनलेस आतल्या बाजूने काळं, दाणेदार होतं आणि वेल्डपाशीच पहिली भेग पडते.

निकाल

सहाव्या गेअरला १०० च्या वेगात सी ९२ वरून ८७, ए ७०. कंपनीच्या एक्झॉस्टपेक्षा आत सी वर दोन डेसिबल जास्त, ए वर एक. मालकांनी तोच रोजचा रस्ता चालवून पाहिला आणि शेजारच्या सीटवरून बोलणं नीट ऐकू येतं, एवढंच कळवलं. वरच्या आरपीएमचा आवाज त्यांना हवा होता तसाच राहिला. रेझोनेटर आणि नळी मिळून वजन तीन किलोंनी वाढलं, म्हणजे बचत आठवरून पाचवर आली. डायनोवर आकडा पुन्हा त्याच दीड किलोवॅटच्या फरकात.

दोन गोष्टी राहिल्या. पूर्ण थ्रॉटल देऊन ३,३०० आरपीएम ओलांडताना आत हलका घुमारा येतो. तिथे कुणी गाडी स्थिर चालवत नाही, म्हणून तो तसाच ठेवला. दुसरी, थंड गाडी सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटं. नळीतला वायू ६० अंशाला असेल तर ध्वनीचा वेग ३६६ होतो आणि नळी ९० ऐवजी ८० हर्ट्झला, म्हणजे २,४०० आरपीएमला, लागू पडते. तेवढ्या वेळात हायवे गाठला तर जुना घुमारा थोडा ऐकू येतो आणि गाडी तापत जाईल तसा विरतो.

वेगळं काय करता आलं असतं

रेझोनेटरवाला संच सुरुवातीलाच घेतला असता तर बाहेरचा आवाज पहिल्या दिवसापासून ८९ राहिला असता आणि एक वेल्डिंग वाचलं असतं. घुमारा मात्र तरीही आलाच असता, कारण तो केबिनच्या लांबीतून येत होता. म्हणून रेझोनेटर टाळणं ही या प्रकरणातली मूळ चूक होती असं मी म्हणणार नाही.

खरी सुधारणा त्याच्याही आधी करता आली असती. मालकांनी तोच संच लावलेल्या गाडीत आत बसून, सहाव्या गेअरला, रोजच्या वेगात फेरी मारली असती तर पाच मिनिटांत सगळं कळलं असतं. ती सोय नसेल तर निदान गणित तरी आधीच करता येतं: रोजच्या वेगाला इंजिन किती आरपीएमवर असतं ते पाहायचं, चार सिलिंडर असतील तर त्याला ३० ने आणि सहा असतील तर २० ने भागायचं, आणि ३४३ ला केबिनच्या लांबीच्या दुपटीने भागून येणाऱ्या आकड्याशी ताडायचं. दोन आकडे दहा हर्ट्झच्या आत आले तर जे-पाईपसाठी जागा आधीच राखून ठेवावी. या गाडीत तसं केलं असतं तर मागचा पाईप दोन सेंटिमीटर पुढून नेता आला असता आणि नळी आडवी घालण्यासाठी बंपरच्या आतला प्लास्टिकचा कंगोरा कापावा लागला नसता.

अंतरं तपासताना गाडी गरम हवी, हेही या कामानंतर आमच्या तपासणी-यादीत गेलं. आता प्रत्येक स्टेनलेस एक्झॉस्ट बसवल्यावर अर्धा तास गाडी फिरवून लगेच लिफ्टवर घेतो, गरम असतानाच जोड शेवटचे आवळतो, आणि हजार किलोमीटरनंतर क्लॅम्प व हँगर पुन्हा पाहायला बोलावतो. या गाडीचे हँगर त्या तपासणीत ठीक निघाले. एक क्लॅम्प पाव फेरा आवळावा लागला.